स्टेबल आणि बेटर

मंडळी, गणपतीच्या आदल्या दिवशी इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, "आई स्टेबल आहेत." मी गावी दादाला ट्रंक कॉल लावला. "आईला बेटर आहे रे. गणपती पोचवूनच ये."

काल विसर्जन करून दादा एसटीत बसला आणि रात्री इकडे आई गेली.

आज सकाळी तो मुलुंडला घरी आला, तेव्हा त्याच्या डब्यात आईसाठी राखलेला मोदक होता.

"आये बरी आसा म्हणालंस ना रे?" त्याने विचारलं.

स्टेबल म्हणजे आहे तशीच. बेटर म्हणजे आधीपेक्षा बरी. हा फरक मला ठाऊक होता. घरचा गणपती दादाशिवाय कोण बसवणार, म्हणून मी बरा वाटणारा शब्द सांगितला.

तुम्ही असतात तर कोणता सांगितला असतात?