राग कोणावर आहे?

जाफराबादच्या वाचनालयात सुमेधाताई ग्रंथपाल आहेत आणि त्यांच्या नाकावर कायम राग असतो, चष्म्याच्या जरा खाली. पण तो रिकामा बसलेला राग नाही, त्याला ताईंनी कामाला लावलंय. नववी-दहावीचं पोरगं कादंबऱ्यांच्या कपाटापाशी घुटमळायला लागलं की दुसरं कोणी विचारील, बाळ, तुला कोणता विषय आवडतो? ताई विचारतात, "राग कोणावर आहे?"

पोरं आधी दचकतात, मग सांगतात. कुणाचा गणिताच्या सरांवर असतो, कुणाचा मोठ्या भावावर. एकीचा तर स्वतःच्या पुढच्या दातांवर होता. ताई ऐकून घेतात, कपाटात हात घालतात आणि त्या रागाच्या मापाची कादंबरी काढून देतात. दातवालीला त्यांनी वर्षभर तोंडावर हात ठेवून हसणाऱ्या पोरीची गोष्ट दिली होती. ती पोरगी आता वाचनालयात इतकी मोठ्यानं हसते की तिला गप्प बसवावं लागतं. आणि काउंटरवर सांगितलेला राग काउंटरवरच राहील, हा ताईंचा शब्द. सगळं कपाट त्या शब्दावर उभं आहे.

खरं तर ते उभं आहे ताईंच्या वस्तीच्या जिवावर. एका वर्षी जयंतीला वस्तीत डीजे वाजला नाही, त्या पैशांतून वाचनालयात हे कपाट आलं. तरी वाचनालयाचे अध्यक्ष वामन सर त्याला 'आपलं कपाट' म्हणतात. सर निवृत्त मुख्याध्यापक, राहायला जालन्यात, महिन्यातून एकदा इकडे संस्कार करायला येतात. त्यांच्या मते चौदा ते अठरा या वयात माणसाला काही होत नाही, फक्त परीक्षा होते. म्हणून मोठा हॉल स्पर्धा परीक्षेच्या पोरांना, ती तिथे तोंडावर गाईड ठेवून झोपतात, आणि लहानग्यांना थोर पुरुषांची चरित्रं, ज्यात थोर पुरुष लहानपणीही थोरच असतात. त्या दोहोंच्या मधल्या पोरांनी काय वाचायचं, हे विचारलं की ताईंच्या नाकावरचा राग डोळ्यांत चढतो.

संध्या त्या मधल्यांपैकीच. दहावीची, बोलायला कमी. तिचे वडील धर्मराज यांचं खत-बियाण्याचं दुकान स्टँडजवळ आहे. पावसाळ्याच्या तोंडी ती कपाटापाशी आली तेव्हा ताईंनी नेहमीचा प्रश्न टाकला.

"पप्पांवर," संध्या म्हणाली. "भावाला संभाजीनगरला क्लासला धाडून राह्यले. मला म्हणे इथंच कॉलेज आहे की. त्यांचं तोंड बघू वाटत न्हाई, ताई." मग जरा थांबून म्हणाली, "पण रात्री मी शिकवणीवरून आल्याबिगर जेवत न्हाईत. ताट तसंच ठेवून बसतात. मंग त्याचा अजूनच राग येतो."

ताईंनी तिला एका अबोल पोरीची कादंबरी दिली. ती पोरगी बापाशी बोलणं सोडते आणि जे काही बोलायचं ते म्हशीशी बोलते, बापाला ऐकू जाईल असं. संध्यानं पुस्तक उभ्या-उभ्याच वाचायला घेतलं.

घरी म्हैस नव्हती. तिनं फ्रीजशी बोलून भागवलं. "काय रे फ्रीज, हुशार पोरींना संभाजीनगरची बस घेत न्हाई का?" असं तिसऱ्या दिवशी ऐकल्यावर धर्मराजनं दप्तर उघडलं, कादंबरी काढली, मधलं एक पान वाचलं आणि वामन सरांना फोन लावला.

रविवारी बैठक बसली. हॉलमधल्या पोरांना उठवून चहाला पाठवलं. सरांनी शाल सारखी केली.

"सुमेधाबाई, राग हे काय विचारायचं असतं मुलांना? आपण तो घालवायचा असतो."

"असलेला घालवू, सर. पण आधी कळू तरी द्या."

"मी काय म्हणतो," सर म्हणाले, "कपाटाला कुलूप घालू. किल्ली माझ्याकडे. पालकांची चिठ्ठी आणली तरच पुस्तक."

"जालन्याहून किल्ली यायची कधी? एसटीनं?"

धर्मराज आतापर्यंत कादंबरी मांडीवर पालथी घालून बसला होता. "म्याडम, हे बघा. पोरगी म्हशीला म्हणती, या घरात माझं कोणी न्हाई. हे शिकवायचं का लेकरांना?"

"पुढं काय होतं, वाचलं का?"

"कशाला वाचू? एका पानात कळलं."

"एका पानात?" ताई उठून उभ्या राहिल्या. "धर्मराजभाऊ, पोतं फोडून मूठभर खत बघितलं आणि पीक कसं येईल सांगितलं, असं चालतं का तुमच्या दुकानात? शेवटाला बाप त्या म्हशीपाशी येऊन बसतो. ते पान का न्हाई सापडलं तुम्हाला?"

सर म्हणाले, "बाई, आवाज." झालं, त्या एका शब्दानं ताईंचं डोकं फिरलं. वस्तीनं दिलेल्या कपाटाला हे कुलूप घालणार, आणि वर आवाज यांचाच.

"पुस्तकाला कशाला धरता," त्या म्हणाल्या. "पुस्तकाच्या आधीच तुमच्या पोरीनं मला सांगितलंय, पप्पांचं तोंड बघू वाटत न्हाई. पुस्तक नंतर दिलं मी."

धर्मराजनं कादंबरी टेबलावर ठेवली, नीट, सरळ करून. "मंग कुलपाचं राहू द्या," एवढंच म्हणाला आणि चपला घालून गेला. तक्रारदारच उठून गेल्यावर सरांनी विषय पुढच्या बैठकीवर ढकलला आणि जालन्याची गाडी पकडली. किल्ली ताईंकडेच राहिली. त्या संध्याकाळी ताईंनी कपाट उगाचच दोनदा पुसलं.

सोमवारी संध्या आली. काउंटरपाशी उभी राहिली, कपाटाकडे गेली नाही. ताईंनी काही विचारलं नाही.

"विचारा ना," संध्या म्हणाली.

"काय?"

"जे सगळ्यांना विचारता."

ताईंनी चष्मा काढला. "राग कोणावर आहे?"

"तुमच्यावर."

हॉलमधल्या एकानं तोंडावरचं गाईड खाली घेतलं.

"आईकडून कळलं मला. पप्पांनी एक पान वाचलं म्हणून तुम्ही त्यांना बोललात," संध्या म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त लागत होता. "आणि मी सांगितलेलं तुम्हीपण अर्धंच सांगितलं. ताटाचं सांगितलं न्हाई. काल मी आले तर पप्पा जेवून झोपले होते."

ताईंना पुष्कळ बोलता आलं असतं. सर काय म्हणाले ते, कुलपाचं, वस्तीचं. सगळं खरं होतं आणि त्यातलं एकही या पोरीच्या कामाचं नव्हतं.

"मी दुकानात जाते," त्या म्हणाल्या. "उरलेलं सांगते त्यांना."

"ते माझं मी सांगन. तुम्ही आता काही सांगू नका." संध्यानं खुर्ची ओढली आणि काउंटरसमोर बसली. "मला पुस्तक द्या. तुमच्यावर राग आहे त्याचं."

ताई कपाटापाशी गेल्या. बापावरच्या रागाच्या कादंबऱ्या होत्या, भावावरच्या, सरांवरच्या, अख्ख्या गावावरच्या होत्या. ज्या बाईवर भरवसा ठेवला तिच्यावरच्या रागाची एकही त्यांनी इतक्या वर्षांत आणली नव्हती. तशी गरज पडेल असं वाटलंच नव्हतं. त्यांनी एक काढली, चाळली, परत ठेवली. दुसरी काढून काउंटरवर आणली.

संध्यानं मागचं कव्हर वाचलं आणि पुस्तक परत सरकवलं. "हे न्हाई."

"मंग दुसरं बघते."

"बघा. शिकवणी आज न्हाई मला."

ताईंनी स्टूल ओढलं आणि सगळ्यात वरच्या कप्प्यापासून सुरुवात केली.