कृष्णात सिद्दीचं गाव कोणतं?

कृष्णात सिद्दी खानापूर तालुक्यातल्या जंगलाच्या कडेला, एका वाडीत जन्मला. घरात मराठी, शाळेत कन्नड आणि बाजारात दोन्हींची मिसळ, अशी तिथली रीत. आपले पूर्वज आफ्रिकेतून आले हे त्याला सातवीत असताना मास्तरांनी सांगितलं. पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून आणलेली माणसं गोव्यातून पळाली, घाटातल्या रानात शिरली आणि तिथलीच होऊन गेली. घरी येऊन त्यानं वडिलांना विचारलं. वडील म्हणाले, असेल. पण आमच्या गेलेल्या थोरल्यांच्या नावाचा नारळ आम्ही या मातीत पुजतो, मला तेवढंच ठाऊक.

वाडीत त्याच्या कुरळ्या केसांचं आणि काळ्याभोर रंगाचं नवल कुणाला नव्हतं. हिणवणारे तालुक्यातही होते, पण तू कुठल्या देशाचा, असं तिथं कुणी विचारत नसे. हा प्रश्न त्याला पहिल्यांदा बेंगळुरात विचारला गेला, तोही बसमधून उतरल्या उतरल्या, एका रिक्षावाल्याकडून. बेळगावात आयटीआय करून तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत लागला होता. त्यानं कन्नडमध्ये उत्तर दिलं, तर रिक्षावाला खूश झाला आणि शेजारच्या दोघांना बोलावून म्हणाला, बघा, परदेशी माणूस किती छान कन्नड बोलतो.

खोली शोधताना एक गोष्ट त्याच्या लवकर ध्यानात आली. फोनवर सगळं जमायचं. कन्नड ऐकून घरमालक गाव विचारत, बेळगाव म्हटल्यावर या म्हणत. दार उघडलं की मात्र खोली नुकतीच कुणाला तरी दिलेली असे. एकानं तर त्याच्या पाठीमागे पाहत विचारलं, ज्याचा फोन आला होता तो कुठे आहे?

अखेर त्याला शहराच्या उत्तरेला, येलहंक्यात वसुमती अक्कांकडे जागा मिळाली. अक्का विधवा, सत्तरीच्या. त्यांच्या सासरची माणसं कैक पिढ्यांमागे इकडे येऊन स्थायिक झालेली, त्यामुळे त्यांच्या मराठीत निम्मी कन्नड. कृष्णात पत्ता शोधत गल्लीतून चालला होता तेव्हा त्या फाटकाशी उभ्या राहून, पाणी न सोडणाऱ्या माणसाला मराठीत एकट्याच शिव्या देत होत्या. आपली भाषा ऐकून तो थबकला आणि म्हणाला, "पाणी कुठंच आलं नाही, मावशी. पलीकडच्या गल्लीतही बोंबच आहे." अक्कांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि फाटकाचा आधार घेतला. मग तो कोण, कुठला, सगळं विचारून घेतलं. मागची खोली रिकामी होती. मावशी नको, अक्का म्हण, असं त्यांनी त्याच दिवशी सांगितलं.

पुढे त्यानं बायकोला, गंगव्वाला, आणि लेकीला तिथं आणलं. निधी जवळच्या एका खासगी शाळेत जाऊ लागली. ती काही वर्षं त्याच्या आयुष्यातली बरी वर्षं होती. गंगव्वा अक्कांना भाकरी थापून द्यायची, आणि अक्का निधीला जवळ बसवून पाढे म्हणून घ्यायच्या. रस्त्यावर मुलं 'आफ्रिका, आफ्रिका' ओरडायची तेव्हा गंगव्वा पदर डोक्यावर घेऊन चालत राहायची. पण फाटक लावलं की ते सगळं बाहेर राही.

निधी दुसरीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात इतिहासातल्या वीरांवर एक कार्यक्रम होता आणि जगातल्या देशांवर दुसरा. निधीला इंग्रजांशी लढलेली कित्तूरची राणी चन्नम्मा व्हायचं होतं. कित्तूर त्यांच्या गावापासून फार लांब नाही. किल्ल्याचे पडके दगड तिनं पाहिले होते. राणीचं भाषण तिनं न सांगता पाठ केलं. पण बाईंनी तिला दुसऱ्या कार्यक्रमात घातलं, आफ्रिकेच्या नाचात. कृष्णात शाळेत भेटायला गेला. बाई वाईट नव्हत्या, हसून बोलल्या.

"अहो, तिला ते किती शोभून दिसेल. मेकअपसुद्धा लागणार नाही."

कृष्णात नमस्कार करून घरी आला. संमेलनात निधी हिरव्या कागदाच्या झिरमिळ्यांचा घागरा घालून नाचली. सगळ्यात जास्त टाळ्या तिलाच मिळाल्या. खाली आल्यावर ती आईच्या मांडीत तोंड खुपसून बसली. दुसऱ्या दिवसापासून मुलं मधल्या सुट्टीत तिला घेरून तोच नाच करून दाखवायला सांगू लागली. सकाळी दप्तर पाहिलं की तिचं पोट दुखायचं. डॉक्टर म्हणाले, पोटात काही नाही. वर्ष संपलं तसं गंगव्वानं सामान बांधलं. लेक वाडीकडच्या कन्नड शाळेत शिकेल पण हसत शिकेल, एवढंच ती म्हणाली. कृष्णातनं अडवलं नाही. नोकरी सोडून वाडीत त्याला काही काम नव्हतं, म्हणून तो मागे राहिला.

एकट्यानं राहायची त्याला सवय नव्हती. दिवसभर तो सर्जापूर रोडच्या उंच उंच इमारतींत लिफ्टच्या मशीनपाशी असायचा. फाटकावरचे रखवालदार त्याला नेहमी जास्त वेळ थांबवून ठेवत. एकदा काम आटोपून तो लिफ्टमध्ये उभा असताना मधल्या मजल्यावर दार उघडलं. बाहेर एक तरुण जोडपं, आणि त्यांचं बोलणं चक्क पुण्याच्या मराठीत चाललेलं. कृष्णातच्या चेहऱ्यावर आपोआप हसू आलं. कुठले तुम्ही, असं विचारायला तो तोंड उघडणार, तेवढ्यात बाई नवऱ्याला हलकेच म्हणाली, "आपण पुढच्या लिफ्टनं जाऊ या." नवऱ्यानं कृष्णातकडे पाहून नम्रपणे मान हलवली. दार बंद झालं. कितीतरी महिन्यांत समोरासमोर ऐकलेलं, अक्कांच्या घराबाहेरचं हे पहिलं मराठी वाक्य होतं.

एका रविवारी दुपारी तो निधीसाठी फ्रॉक घ्यायला शहराच्या दुसऱ्या भागातल्या बाजारात गेला. त्या भागात आदल्या आठवड्यात काही मारामारी झाली होती, आणि पोलीस परदेशी मुलांचे कागद तपासत फिरत होते. हे त्याला माहीत नव्हतं. दुकानातून बाहेर पडताच एकानं त्याचा दंड धरला आणि पासपोर्ट मागितला. कृष्णातनं कन्नडमध्ये सांगितलं की आपण बेळगाव जिल्ह्यातले.

"कन्नड बरी शिकलास. इथे येऊन किती वर्षं झाली?" पोलीस म्हणाला.

त्यानं आधार कार्ड काढून दिलं. असली कार्डं हल्ली कुठंही छापून मिळतात, असं म्हणून पोलिसानं ते खिशात टाकलं. कृष्णातनं ते परत मागितलं, तेव्हा त्याच्या कानाखाली बसली. भर बाजारात, पिशवी हातात असताना. लोक पाहत होते. एकजण मोबाइलवर चित्रण करत होता.

पोलिसांच्या गाडीत त्याच्याआधीच दोन मुलं बसवलेली होती. त्यांतल्या एकाचं नाव इमॅन्युएल, टांझानियाचा, इथल्या कॉलेजात शिकणारा. त्याचा पासपोर्ट मुदत वाढवायला दिलेला होता आणि ते तो पुन्हा पुन्हा इंग्रजीत सांगत होता. ठाण्यात तिघांना एकाच बाकावर बसवलं. कृष्णातचा कान वाजत होता. साहेब समोरून गेले तसा तो उठला आणि मोठ्यानं कन्नडमध्ये म्हणाला, "साहेब, मी यांच्यातला नाही. मी इथला आहे. या लोकांशी माझा काही संबंध नाही."

साहेबांनी थांबून पाहिलंसुद्धा नाही. कृष्णात खाली बसला. तेव्हा इमॅन्युएलनं मोडक्या कन्नडमध्ये त्याला सांगितलं की आपल्याला थोडं थोडं कन्नड कळतं. रागानं नाही, नुसतं सांगितलं. मग सरकून जागा करून दिली आणि आपल्या बाटलीतलं पाणी पुढे केलं. कृष्णात ते प्यायला. त्याच्याकडे पाहायचं मात्र त्याला धाडस झालं नाही.

ओळखीच्या कुणाला तरी फोन लाव, असं त्याला सांगण्यात आलं. त्यानं अक्कांना लावला. रविवार असल्यामुळे त्यांचा मुलगा अभिजीत आईकडे आलेला होता. फोन त्यानंच घेतला. एरवी तो सर्जापूर रोडला राहायचा आणि भेटला की कृष्णातशी हसून बोलायचा. पोलिसानं फोन स्पीकरवर ठेवला होता. अभिजीत म्हणाला, हो, तो आमचा भाडेकरू आहे. पण त्यापलीकडे त्याच्याबद्दल आम्हाला काही माहिती नाही. पाठीमागून अक्का कोणाचा फोन म्हणून विचारत होत्या, तेही ऐकू आलं. मग फोन बंद झाला.

संध्याकाळी पाळी बदलली तेव्हा एक हवालदार आला. तो खानापूरच्या शेजारचा, हल्याळकडचा निघाला. त्यानं कृष्णातला पाहून मराठीत विचारलं, "कुठल्या वाडीचा रे तू?" एवढं ऐकून कृष्णातचा बांध फुटला. तो रडत रडत वाडीचं, वडिलांचं, पाटलाचं नाव सांगत राहिला. हवालदारानं आत जाऊन साहेबांना सांगितलं की हे सिद्दी, आमच्या रानातले, खरोखर आपलेच. साहेब बाहेर आले, कार्ड परत दिलं आणि म्हणाले, "मग आधीच नाही का सांगायचं?"

दारापाशी जाऊन कृष्णात वळला. इमॅन्युएल बाकावरच होता. त्याला काहीतरी म्हणायला हवं होतं. पण इंग्रजी येत नव्हतं, आणि कन्नडमध्ये तरी काय म्हणायचं हे ठाऊक नव्हतं. इमॅन्युएलनं हात किंचित वर केला. कृष्णात बाहेर पडला. फ्रॉकची पिशवी गाडीतच राहिली. ती मागायला तो परत गेला नाही.

दोन-चार दिवसांनी एक पोलीस पत्त्याची खातरजमा करायला येलहंक्याला आला. शेजारपाजारचे गच्चीवर येऊन पाहत होते. त्यानंतर अक्कांनी कृष्णातला घरात बोलावलं, कॉफी दिली आणि बराच वेळ त्या गावाकडच्या पावसापाण्याचं विचारत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "तुझ्यात खोट नाही रे, ते मला ठाऊक आहे. पण माझं आता वय झालं. पोलीस दारात येतात, लोक विचारतात. अभिजीतचं म्हणणं, उगाच कशाला. तू आपलाच आहेस, स्वल्प समजून घे."

"सरी, अक्का. बरं," कृष्णात म्हणाला.

अभिजीतनं फोनवर काय सांगितलं ते अक्कांना माहीत होतं की नाही, हे त्यानं विचारलं नाही. कप विसळून ठेवला. निघताना अक्कांनी गंगव्वाला काही सांगू नकोस म्हटलं. तिला वाईट वाटेल. गंगव्वाला त्यानं खरंच काही सांगितलं नाही, ना ठाण्याचं, ना घराचं. कंपनीच्या कामासाठी जागा बदलतोय, एवढंच कळवलं.

पुन्हा तेच फोन आणि तीच उघडणारी दारं. शेवटी शहराच्या ईशान्येला, जिथं आफ्रिकेतली मुलं राहतात तिथल्या एका इमारतीत त्याला खोली मिळाली. बाकीच्या कुणालाच तिथं राहायचं नसे, म्हणून मालक फारशा चौकशा करत नव्हता. त्यानं पासपोर्टची प्रत मागितली. आपल्याकडे पासपोर्ट नाही, कारण आपण कधी कुठं गेलोच नाही, असं कृष्णातनं सांगितलं. मालकानं खांदे उडवले आणि किल्ली दिली.

आता तो तिथंच राहतो. जिन्यात भेटणारी पोरं त्याला 'ब्रदर' म्हणतात, हात मिळवतात आणि भराभरा बोलू लागतात. तो मान हलवतो. थोड्या वेळानं त्यांच्या लक्षात येतं की याला कळत नाही. मग ती जरा गोंधळतात, पुन्हा हसतात आणि निघून जातात. पहिले काही आठवडे तो प्रत्येक चेहरा निरखून पाहायचा. इमॅन्युएलबद्दल त्यानं एकदा मोडक्यातोडक्या शब्दांत विचारलंही. त्या नावाचे पुष्कळ आहेत, असं उत्तर मिळालं; एकाला परत पाठवलं, असंही कुणीतरी म्हणालं. तो कोण, ते कळलं नाही.

रविवारी तो वाडीला फोन करतो. निधी आता वर्गात दुसरी आली आहे. बाबा, कवा येणार, असं ती विचारते आणि तो सणाचं नाव सांगतो. फोन ठेवला की दिवसभर बोलायला कुणी नसतं. भात लावायचा, कपडे धुवायचे, सोमवारच्या कामाच्या पिशवीत पाने-स्क्रूड्रायव्हर भरून ठेवायचे.

शेजारच्या खोलीत ग्रेस नावाची काँगोची बाई राहते; ती बायकांच्या वेण्या घालून देते. गेल्या रविवारी तिनं दार वाजवून खुणेनं काडेपेटी मागितली. त्यानं दिली. तासाभरानं ती काडेपेटी परत घेऊन आली तेव्हा दुसऱ्या हातात झाकलेली ताटली होती. त्यात शेंगदाण्याच्या रश्शातला कसला तरी पाला होता, आणि उकडीसारखा पांढरा घट्ट गोळा. ती नाव सांगत होती, पण त्याच्या ध्यानात राहिलं नाही. त्यानं दार लावून, जमिनीवर बसून ते सगळं खाल्लं. तिखट होतं, चांगलं होतं. मग ताटली घासून तो तिच्या दाराशी गेला. रिकामी ताटली परत देऊ नये म्हणून तिच्यात गावाकडून आलेला गूळ ठेवला होता. दाराला कुलूप होतं. तो थोडा वेळ तिथंच उभा राहिला, कुणी जिना चढतंय का ते ऐकत. मग मुंग्या लागू नयेत म्हणून गूळ कागदात नीट गुंडाळून पुन्हा ताटलीत घातला, ताटली दाराशी ठेवली आणि आपल्या खोलीत परत आला.