कुलपाच्या करारात सासूबाई नव्हत्या

"कुलूप बसवून किती दिवस झाले?" हा माझा पहिला प्रश्न. मोहिते काकांना तो अजिबात आवडला नाही.

"अगं, आधी हिची बोटं बघ!"

काकूंच्या उजव्या हाताची दोन बोटं काळीनिळी पडली होती. नेपरव्हिलमधला गोठवणारा जानेवारी. दोघं कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेले आणि दाराच्या स्मार्ट लॉकनं तेवढ्यात स्वतःला अपडेट करून घेतलं. मग ते दोघांना ओळखच दाखवेना. फोन आत, हातमोजे आत. शेजारीण येईपर्यंत चाळीस मिनिटं दोघं बर्फात उभे.

"सत्तावीस दिवस झाले," काकू म्हणाल्या.

म्हणजे आमच्या हातात तीन दिवस होते. मी ग्राहकांच्या बाजूनं वकिली करते, म्हणून सांगते. अ‍ॅपवर 'आय अ‍ॅग्री' दाबताना आपण बहुतेक वेळा आर्बिट्रेशनलाही हो म्हणतो. म्हणजे भांडण झालं तर कोर्टात जायचं नाही, खाजगी पंचापुढे जायचं. काही करारांत यातून बाहेर पडायला तीस दिवस मिळतात. त्याला ऑप्ट-आउट म्हणतात. या कंपनीला त्यासाठी सहीचं कागदी पत्र हवं होतं. कुलूप फोनवरून उघडणार, पण नाही म्हणायला पोस्टात जायचं!

"अकाउंट कोणाच्या नावावर आहे?"

काका छताकडे बघू लागले. काकूंनीच सांगितलं, "निखिलच्या. आमचा जावई. ख्रिसमसला अ‍ॅरिझोनातल्या चँडलरहून आला होता, त्यानंच सगळं सेट करून दिलं."

"मग सही त्याची लागेल."

"जावयाकडे सही मागायची?" काका उसळले. "म्हणेल, मी भेट दिली आणि सासरे कोर्टात निघाले!"

या मानापमानात दोन दिवस गेले. शेवटी काकूंनीच फोन लावला. "सॉरी आई, मी नुसतं स्क्रोल केलं होतं," निखिल म्हणाला आणि तासाभरात पत्र टाकून आला.

आठवड्यानं कंपनीच्या वकिलाचा फोन. "निखिल यांचा ऑप्ट-आउट मंजूर. ते खुशाल कोर्टात जाऊ शकतात."

"ते कशाला जातील? ते अ‍ॅरिझोनात उन्हात होते. बोटं त्यांच्या सासूबाईंची गारठली."

"त्या करारात नाहीत. आमच्या रेकॉर्डप्रमाणे त्या अनधिकृत व्यक्ती आहेत. लॉकनं त्यांना आत घेतलं नाही, म्हणजे लॉक उत्तम चाललं."

मला आधी हसू आलं, मग भयंकर संताप. "हे लेखी द्याल?"

त्यानं खरंच दिलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मी काकूंच्या नावानं दावा लावला, तर कंपनी म्हणे, ऑप्ट-आउट फक्त निखिलचा, काकूंनी पंचापुढेच यायचं. मी तेच पत्र कोर्टात ठेवलं. काकू करारात नाहीत, तर आर्बिट्रेशन त्यांना लागू कसं?

जजबाईंनी विचारलं, "घर कोणाचं आहे?"

वकील कागद चाळत राहिला. केस कोर्टातच राहिली.

मुख्य सुनावणीआधीच कंपनी तडजोडीला आली. काकूंच्या उपचारांचा सगळा खर्च, लेखी माफी आणि वर एक नवीन लॉक फुकट. ते लॉक चालू करायला फक्त अ‍ॅपवर 'आय अ‍ॅग्री' दाबायचं होतं. काका खो खो हसले. काकू हसल्या नाहीत.

"पोळी उलटताना चटका बसलेला कळत नाही गं अजून," त्या म्हणाल्या.

लॉक आम्ही परत पाठवलं. तेव्हापासून कोणीही आलं की मी आधी घरात कोण कोण राहतं ते विचारते. बटण दाबणारं बोट एकाचं असतं, भाजणारं दुसऱ्याचं.