एक्केचाळीस जोड

क्लासात त्याला सगळे काका म्हणत, म्हणून आपणही काकाच म्हणू. मोठी बहीण त्याला अजून छोटू म्हणायची, पण सेहेचाळीस वर्षांच्या, जिना चढताना गुडघे धरणाऱ्या माणसाला आपण छोटू म्हणणं बरं दिसत नाही.

वीस वर्षं त्याने छापखान्यात काढली. पावतीपुस्तकं, व्हिजिटिंग कार्डं, औषधाच्या खोक्यांवरची लेबलं, सगळ्यांची जुळणी त्याच्या हातची. छापखान्याला कुलूप लागलं तेव्हा मालक म्हणाला, "आता लोक वाचत नाहीत रे, बघतात. व्हिडिओचं काहीतरी शिकून घे." सल्ला द्यायला मालकाचं काय जात होतं? पण काकाने तो मनावर घेतला आणि सहा महिन्यांचा क्लास लावला. कॅमेरा कसा धरायचा, उजेड कुठून घ्यायचा, आवाजातली खरखर कशी काढायची, तीन मिनिटांत माणूस कसा उभा करायचा. बाकीची मुलं त्याच्या निम्म्या वयाची. पहिला महिना तो केलेलं काम सेव्ह करायलाच विसरायचा आणि मुलं तोंडावर हात ठेवून हसायची. पण काका चिवट होता. चौथ्या महिन्यात तीच मुलं रंग जुळवायला त्याच्याकडे येऊ लागली, कारण छपाईतल्या माणसाचा डोळा रंगाला सहसा फसत नाही.

शेवटी प्रत्येकाने एक फिल्म करायची होती. कुणीतरी काम करणारा माणूस, त्याच्याच तोंडून, तीन मिनिटांत. काकाला माणूस शोधत हिंडावं लागलं नाही. ताई होतीच.

ताई शिलाई मशीन दुरुस्त करायची. एका खोलीचं दुकान, भिंतीला टांगलेले पट्टे, डब्यांमधून बॉबिन आणि सुया, सगळीकडे मशीनच्या तेलाचा वास. ताई बोलताना अडखळायची, लहानपणापासून. शब्दाच्या उंबऱ्यातच तिचं पाऊल अडायचं. 'ब' आणि 'म' तर जन्माचे वैरी. म्हणून ती गप्प बसत असेल असं वाटलं? नाव नको! अख्ख्या गल्लीत तिच्याइतकं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. गिऱ्हाइकाच्या मुलांच्या परीक्षा, सासूचं दुखणं, शेजारणीचं भांडण, सगळं विचारल्याशिवाय ती मशीनचं झाकण उघडायची नाही. मधेच कुणी घाईने शब्द पुरवला की हात वर करायची. "थ... थांबा हो. माझा शब्द मलाच काढू द्या." आई गेल्यावर सहा वर्षांच्या छोटूला शाळेत घालायला हीच गेली होती, स्वतः चौदाची असताना. मुख्याध्यापकांसमोर एकेक शब्द ओढून काढत तिने त्याचा प्रवेश मिळवला. छोटू शेजारी उभा होता आणि जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, असं त्याला वाटत होतं. हे त्याने आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

शूटिंगला ताई खुशीत होती. कॅमेऱ्याला घाबरणं तिला माहीतच नव्हतं. एकोणीस मिनिटं बोलली, आणि काय बोलली! "म... मशीन कधी मुद्दाम ब... ब... बिघडत नाही. आपलं लक्ष नसतं तिच्याकडे." असली वाक्यं कुणाकडून लिहून घेऊनही मिळत नाहीत.

दुसऱ्या दिवशी काका क्लासात संगणकापुढे बसला, कानाला हेडफोन लावून. शेजारच्या मुलाने हेडफोनची एक बाजू काढून स्वतःच्या कानाला लावली. ताई नेमकी 'ब'वर अडली होती. मुलगा हसला नाही, फक्त हेडफोन हळूच परत दिला. तेवढ्याने काकाचे कान तापले. तो पुन्हा सहा वर्षांचा झाला.

मग त्याने कापायला घेतलं. जिथे ताई अडली तो तुकडा काढायचा, दोन टोकं जवळ आणायची, आणि चित्रात धक्का दिसू नये म्हणून त्यावर तिच्या हातांचं दृश्य ठेवायचं. खाली आवाज सलग चालतो, वर हात सुई ओवतात, स्क्रू फिरवतात, बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. एक्केचाळीस जोड झाले. काम इतकं सफाईचं की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं. गती यावी म्हणून करतोय, असं तो स्वतःला सांगत होता. थाप होती ती.

क्लासच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांच्या घरच्यांना बोलावलं होतं. ताई इस्त्रीची साडी नेसून पहिल्या रांगेत. पडद्यावर ती बोलू लागली, घडाघडा, पाण्यासारखी. टाळ्या पडल्या. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "हातांची दृश्यं किती सुरेख पेरलीत यांनी! बाकीच्यांनी बघून ठेवा." काकाने मान झुकवून कौतुक घेतलं.

घरी जाताना ताई आपल्या हातांकडे बघत चालली. मग म्हणाली, "छोटू, माझे हात फार दाखवलेस रे."

"छान दिसतात म्हणून, ताई."

"ज... जिथे हात आले, तिथे मी अडकले होते. हो ना?"

आयुष्यभर शिवण तपासणाऱ्या बाईपासून जोड लपवायला निघाला होता शहाणा! काका म्हणाला, "वेळ कमी होता गं. तीन मिनिटांत बसवायचं होतं."

"ब... बरं," ती म्हणाली आणि विषय संपला. काकाला वाटलं, संपला.

फिल्म या फोनवरून त्या फोनवर फिरली. आठवड्यात एक अनोळखी बाई मशीन घेऊन दुकानात आल्या. काका तिथेच होता. "अय्या, तुम्हीच ना त्या? किती छान बोलता हो तुम्ही!" ताईने तोंड उघडलं आणि 'म'वर अडली. बाई चांगल्या होत्या बिचाऱ्या, काळजीने म्हणाल्या, "आज बरं नाही का तुम्हाला?" त्यावर ताईने हात वर केला नाही, माझा शब्द मलाच काढू द्या असंही म्हटलं नाही. नुसती मान हलवली आणि झाकण उघडलं.

पुढच्या खेपेला काका गेला तर मेजावर कागदाचं पॅड आणि दोरीने बांधलेलं पेन. वर ताईच्याच अक्षरात, 'काय बिघडलंय ते इथे लिहा.' गिऱ्हाईक लिहायचं, ती वाचायची, तारीख टाकून चिठ्ठी द्यायची. परीक्षा नाहीत, सासू नाही, शेजारीण नाही. फोन वाजला तर ती नुसती फोनकडे बघत बसायची, वाजून वाजून थांबेपर्यंत. इतक्या वर्षांत शाळेत, बाजारात, दवाखान्यात कुणाला तिला गप्प बसवता आलं नव्हतं. ते तिच्या भावाने करून दाखवलं, आणि वर प्रमाणपत्र मिळवलं.

त्याच रात्री काका कामाला बसला. त्याने जुनं काम पुन्हा उघडलं आणि एकेक जोड उसवला. त्या जोडांमधलं कापलेलं सगळं जागच्या जागी ठेवलं, हातांची दृश्यं काढून टाकली. सात मिनिटांची फिल्म झाली. त्यात ताई अडायची, डोळे मिटायची, शब्द निघाला की हसायची, आणि ते हसू आपण प्रत्येक वेळी कापून टाकलं होतं हे काकाला तेव्हा दिसलं. ही फिल्म सगळीकडे टाकायची, ताईची माफी मागायची, असं ठरवून तो दुपारी दुकानात गेला.

काकाने फिल्म लावून दिलेला फोन ताईने हातात घेतला. पहिल्या अडखळीलाच तिने पडद्यावर तळहात ठेवला.

"ही क... कुणाला दाखवू नकोस हं."

"ताई, ही खरी आहे. तीच चांगली आहे. चूक माझी होती. मला... मला लाज वाटली होती गं तुझी."

हे बोलून टाकायला त्याला चाळीस वर्षं लागली होती. ताई रागावली असती, रडली असती, तर त्याला सोसलं असतं. तिने उलट त्याच्या पाठीवर हात फिरवला, ताप आल्यावर फिरवायची तसा.

"वाटणारच रे. मी प... पण प्रयत्न करतेय." तिने मेजाचा खण ओढला आणि एक वही काढली. त्याच्या फिल्ममधली सगळी वाक्यं तिने ऐकून ऐकून उतरवली होती, जिथे जिथे हात येत होते तिथे लाल पेनाने खूण. "रोज दुकान ब... बंद केल्यावर म्हणते. तू नाही का सेहेचाळिसाव्या वर्षी शिकलास? मी च... चोपन्नाव्या शिकेन." आणि मग थोडी लाजून, हळूच, "थोडे महिने दे मला. मग पुन्हा शूटिंग कर. त्या व... वेळी तुला कापावं लागणार नाही."

काकाने वही हातात घेतली. लाल खुणा त्याने मोजल्या नाहीत. त्या किती असणार हे त्याला माहीत होतं.