निळं राहिलेलं दूध

बीएस्सीला उपयोजित सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं तेव्हा घरात कुणालाच नक्की कळलं नव्हतं की मी काय शिकते. आई शेजारणींना सांगायची, "जंतूंचं कॉलेज हाय." तिसऱ्या वर्षी प्रकल्पाचा विषय ठरवायची वेळ आली, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "घरी गाई आहेत ना? मग लांब कशाला जातेस?" म्हणून मी आमच्या गल्लीतल्या पाच घरांचं दूध तपासायचं ठरवलं.

तपासणी सोपी होती. नळीत दूध घ्यायचं, त्यात एक निळा रंग मिसळायचा आणि नळी कोमट पाण्यात ठेवायची. दुधात जंतू जितके जास्त, तितका निळा रंग लवकर उडून दूध पांढरं होतं. चांगलं दूध तासन्‌तास निळं राहतं.

आमचं गाव घोडेगावच्या आतल्या बाजूला. सकाळच्या धारा झाल्या की मी घरोघर फिरून उकळून घेतलेल्या बाटल्यांत दूध भरायची, त्या बर्फाच्या डब्यात ठेवायची आणि एसटीनं नगरला जायची. शनिवारी गाडीला शिंगणापूरच्या भाविकांची गर्दी असायची. एका आजोबांनी डबा बघून विचारलं, "लस आणली का पोरी?" दूध आहे म्हटल्यावर ते म्हणाले, "मग एवढं जिवापाड का जपतीस?" आणि डब्यासाठी पाय आवरून घेतले.

निकाल काय लागणार, हे आईनं आधीच सांगून ठेवलं होतं. "आपलं पयलं येईल. आन तुझ्या काकूचं शेवटी." काकूचा गोठा आमच्या गोठ्याला लागूनच होता. तिथली भांडी कधी जागेवर नसायची. आमच्या गोठ्यात मात्र शेणाचा पो पडायच्या आत आई घमेलं घेऊन उभी असायची.

पहिल्या तपासणीच्या दिवशी प्रयोगशाळेत आमच्या घराची नळी सगळ्यांत आधी पांढरी झाली. काकूची नळी दुपारी जेवून आले तरी निळीच. मला वाटलं, चिठ्ठ्या बदलल्या असतील. दोन दिवसांनी पुन्हा दूध नेलं. तेच झालं.

घरी सांगताना मी विषय जितका लांबवता येईल तितका लांबवला. आई भाकरी थापत होती. ऐकून तिचा हात थांबला.

"तुझी नळीच खराब असंल," ती म्हणाली.

"दोनदा केलं, आई."

"मग तुला करता येत न्हाई अजून."

पुढचे दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या सकाळी धार काढता काढता, मान न वळवता तिनं विचारलं, "ते जंतू बसत्यात कुठं?"

मग आम्ही दोघी शोधाला लागलो. गाईच्या सडातून थेट बाटलीत एक धार, बादलीतलं दूध, गाळल्यावरचं आणि शेवटी कॅनमधलं, असे चार नमुने मी नेले. पहिल्या दोन नळ्या छान निळ्या राहिल्या. गाळल्यानंतरच्या दोन्ही भराभर पांढऱ्या झाल्या. दोष गाळणीच्या फडक्यात होता.

ते फडकं म्हणजे आईच्या जुन्या मऊ लुगड्याचा तुकडा. ती ते रोज धुवायची, पिळायची आणि घडी घालून गोठ्यातल्या सावलीच्या खुंटीवर ठेवायची. ते कधी पुरतं वाळतच नव्हतं. काकूला मात्र घडी घालायचा कंटाळा. ती फडकं धुऊन सरळ पत्र्यावर फेकायची आणि ते दिवसभर उन्हात कडकडीत वाळायचं.

हे सांगितल्यावर आईनं खुंटीवरचं फडकं काढून चाचपलं. मग म्हणाली, "आळशीपणाचा बी उपेग व्हतो म्हणायचं."

दुसऱ्या दिवसापासून फडकं उकळायला लागलं, उन्हात वाळायला लागलं. त्या आठवड्यातल्या शनिवारी आमची नळी प्रयोगशाळा बंद होईपर्यंत निळी होती. मी तिथूनच फोन केला. आईनं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "आन काकूचं?"

"तेपण निळं."

"बरं. राहू दे."

संध्याकाळी मी घरी पोचले तर ती काकूच्या ओट्यावर बसून चहा पीत होती आणि फडक्याची सगळी गोष्ट स्वतःच, हात हलवून सांगत होती. काकू पदर तोंडाला लावून हसत होती.

परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "चार टप्प्यांवर नमुने घ्यायची कल्पना कुणाची?" मी खरं तेच सांगितलं. "आईची. ती म्हणाली, जंतू बसतात कुठं ते बघ." सर हसले आणि पुढचं पान उलटायच्या आधी त्यांनी त्या टप्प्यांपुढे पेन्सिलीनं बरोबरची खूण केली.

विज्ञान दिनाला विभागात प्रदर्शन होतं, त्याला मी आईला नेलं. आमच्याच विरजणाचं दही काचपट्टीवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं होतं. तिनं आधी नको तो डोळा मिटला, मग दोन्ही मिटले, मग जमलं. जांभळ्या काड्या आणि मण्यांच्या माळा तिला दिसल्या.

"हे आपल्या दह्यात हायेत?"

"हो. यांच्यामुळेच दही लागतं."

"आन आमी रोज खातो हे?"

"रोज."

तिनं डोळा भिंगावरून हलवला नाही. मागे मुलींची रांग वाढत होती. थोड्या वेळानं आई हळूच म्हणाली, "लई नीटनेटके बसल्यात," आणि आणखी एकदा बघायला वाकली.