चौदा फेब्रुवारीची यादी

कुवेतला फोन करायचा तर मी आधी यादी करायचो. साताऱ्यात एका कारखान्याचं स्टोअर माझ्या ताब्यात होतं. तिथून चिठ्ठीशिवाय साधा नटसुद्धा बाहेर जात नसे, मग तीन मिनिटांचा आयएसडी कॉल तयारीशिवाय कसा जाणार? मुलीचा ताप उतरला. गॅसचा नंबर लागला. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन पुढे गेलं. बायको पलीकडून हं, हं करायची आणि शेवटी म्हणायची, "जेवण वेळेवर करा."

ती नर्स. मिरजेत शिकली आणि मुलगी सहा वर्षांची असताना कुवेतच्या हॉस्पिटलात नोकरीला गेली. तीन वर्षांचा करार त्या फेब्रुवारीत संपत होता. पंधरा तारखेला सकाळी तिने सही केली की आणखी तीन वर्षं. मला ती परत यायला हवी होती. हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. पत्रात मी 'तुला योग्य वाटेल ते कर' असं लिहायचो आणि वर स्वतःला समंजस समजायचो.

फोनवर सांगणं तर शक्यच नव्हतं. आमच्या कोपऱ्यावरचा बूथ एका निवृत्त सुभेदारांचा. काचेच्या खोलीचं दार लागत नसे आणि बाहेरच्या बाकावर पाच-सहा जण कायम वाट बघत बसलेले. एकदा मी जरा आवाज खाली घेतला तर सुभेदार ओरडले, "आवं साहेब, मोठ्यानं बोला! समुद्रापल्याड जायाचाय आवाज!" सगळा बाक हसला. त्यानंतर मी फक्त यादी वाचायचो.

जानेवारीत सांगलीला बहिणीकडे गेलो तेव्हा तिथलं नवं इंटरनेट कॅफे पाहिलं. मालक तिशीचा, आधी टायपिंगचा क्लास चालवायचा. तो कानाला हेडफोन लावून अमेरिकेतल्या चुलत भावाशी निवांत भांडत होता. मला म्हणाला, "काका, ह्याला आयएसडी लागत न्हाई. ह्या कॉम्प्युटरवरनं त्या कॉम्प्युटरवर. बोला की तासभर, कोण इचारतंय?"

मी त्याच्याकडूनच बायकोला ईमेल पाठवला. पत्ता तिने पूर्वी पत्रात कळवला होता, तिच्या वॉर्डातल्या कारकुनाचा; तो ऑफिसात आला की ईमेल छापून तिला कागद देणार होता. पुढच्या रविवारी पुन्हा सांगलीला गेलो तेव्हा उत्तर आलं होतं. चौदा तारखेला दुपारी दोनला, म्हणजे आपल्याकडे साडेचारला, ती तिथल्या बाजारातल्या कॅफेत जाऊन बसणार होती. पुढे लिहिलं होतं, 'इथली दुकानं आठवडाभर लाल होतात. बदामाचे फुगे, चॉकलेटं. हॉस्टेलातल्या सगळ्याजणींना त्या दिवशी कुणाचं ना कुणाचं काहीतरी येतं. मला तुमचं बोलणं आलं तरी पुरे. यादी आणू नका.'

यादी मी तरीही केली. त्यात एकच ओळ होती. सही करू नकोस, परत ये.

त्या दिवशी कॅफेत थर्माकोलचे बदाम टांगले होते. दोघांनी एका कॉम्प्युटरवर तासभर बसायचं आणि वर एक गुलाब, अशी ऑफर होती. प्लायवुडच्या आडोशांमागे कॉलेजची जोडपी चिकटून बसली होती. मी चार नंबरला एकटा बसलो, हेडफोन घातला. साडेचार वाजले. बोलायच्या साइटचं पान उघडेना. पडदा नुसता पांढरा.

मालकाने लाइन तोडून पुन्हा जोडली. क्रिकेटचा स्कोअर आला, राशिभविष्य आलं, तेवढं एकच पान येईना. पावणेपाचला त्याने पुण्यातल्या मित्राला फोन लावला आणि परत येऊन म्हणाला, "काका, वरनंच बंद केलंय. सरकारनं. बोलायच्या सगळ्याच साइटा. असं फुकट बोलाय लागल्यावर आयएसडी करतंय कोण?"

"कधीपासून?"

"कुणाला ठावं! सांगून करत्यात व्हय?"

"काही नोटीस वगैरे?"

"पान उघडत न्हाई, हीच नोटीस."

आमच्या स्टोअरमध्ये एखादा खराब बोल्ट परत पाठवायचा तरी कारण लिहून सही करावी लागे. इथे एका बाईला परक्या मुलखात हेडफोन घालून बसवून ठेवलं होतं आणि कारण कळवायला कुणी बांधील नव्हतं.

ईमेल कारकून उद्या वाचणार. बाजारातल्या कॅफेचा फोन नंबर मी घेतलाच नव्हता. प्रत्येक बेअरिंगचा कोड पाठ असलेल्या माणसाकडून हे राहिलं. शेजारच्या बूथवरून हॉस्टेलला फोन लावला. तिच्या खोलीतली केरळची नर्स बोलली.

"वो तो आपसे ही बात करने गई है! नई साड़ी पहन के गई." ती हसली. मग म्हणाली, "कुछ बोलना है उसको? मैं बता दूँगी."

यादी माझ्या हातात होती. मागे दोघे ताटकळत होते, बूथवाला मीटरकडे बघत होता. परक्या बाईला, हिंदीत, ती ओळ माझ्याच्याने सांगवेना.

"नहीं," मी म्हणालो. "सब ठीक है."

निघताना कॅफेवाल्याने गुलाब हातात कोंबला. "घ्या काका, ऑफरमधला हाय." रात्री घरी आल्यावर तो मी मुलीला दिला, आईने पाठवलाय म्हणालो. तिने उलटसुलट करून पाहिला.

"कुवेतवरून? आणि ताजा?"

पुढच्या रविवारी सुभेदारांच्या बूथवरून फोन केला. सही झाली होती.

"मी गेलो होतो गं. सरकारने साइट बंद केली."

"सरकारने? आपलं बोलणं?"

"सगळ्यांचंच."

"पेपरात आलंय?"

"नाही."

"राहू द्या. नसेल जमलं." ती म्हणाली, "शेजारी फिलिपिन्सची पोरगी बसली होती. दीड तास तिच्या आईशी बोलत होती. मी तिच्याकडे बघत बसले. जेवण वेळेवर करा."

तीन वर्षांनी ती आली. मुलगी बारा वर्षांची झाली होती आणि आईच्या हातची वेणी तिला आता नको होती. त्याच वर्षी पेपरात बातमी आली की इंटरनेटवरून बोलायला सरकारने परवानगी दिली. म्हणजे आधी बंदी होती, हे शेवटी छापून आलं. मी ती बातमी कापली, तारीख घातली आणि तिच्यापुढे ठेवली.

तिने चष्मा लावून सगळी वाचली.

"बरं," ती म्हणाली. "आणि हॉस्टेलच्या फोनवर? तिथेही सरकार होतं?"

मी कात्रण उचललं आणि फाइलला लावलं.