फोनवर सांगता येणारा पत्ता

बाभुळगावच्या स्टँडसमोर एका गृहस्थांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आमच्या महिला गटाच्या तूरडाळीची वेबसाइटही तेच सांभाळतात. टाइप करताना प्रत्येक ओळ ते ओठांतल्या ओठांत म्हणतात आणि मध्ये कोणी बोललं, तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.

आमच्या डाळीच्या पानाचा पत्ता म्हणजे प्रश्नचिन्हं आणि आकड्यांची लांबलचक माळ होती. एकदा त्यांच्या दुकानात बसून मी तो गिऱ्हाइकाला फोनवर सांगत होते. तीनदा चुकले. त्यांनी मान वर केली.

"ताई, हा पत्ता हाय का कोडं? मानसाले तोंडानं सांगता आला पाह्यजे."

मग दोन दिवस ते सर्व्हरच्या फायलीत नियम लिहीत बसले. एकदा सगळी साइटच बंद पडली. पण त्यांनी शांतपणे चूक शोधली. शेवटी साइटच्या नावापुढे फक्त 'तूरडाळ' एवढंच उरलं. मी खुशीत उठले.

"थांबा. जुना पत्ता छापलेली पाकिटं लोकायच्या घरी असतीन ना? त्यायले दारातून काहून परत धाडाचं?"

जुन्या पत्त्यावर येणाराही नव्या पानावर पोचेल, असा नियम लिहूनच ते चहा प्यायले.

परवा पुण्याच्या एक बाई फोनवर म्हणाल्या, "जुन्या पाकिटावरचा पत्ता टाकला, तरी पान लगेच उघडलं. साइट इकडे पुण्यातूनच करून घेतलीत का?"

"नाही हो, आमच्या बाभुळगावात," मी म्हणाले. जरा मोठ्यानंच.